रांग कुठे, दोष कुणाला

"बाबा, रात्रपाळीला तुम्ही कॉम्प्युटरपाशी नेमकं करता काय?" बारावीतल्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, "रांगा मोजतो." तिला थट्टाच वाटली.

पण काम तेच आहे. आमच्या कचेरीत मेनफ्रेम आहे. हजारो खात्यांचा हिशेब रातोरात करणारा मोठा कॉम्प्युटर. तो कितीही चपळ असला तरी खाती असतात डिस्कवर. डिस्कने माहिती दिली नाही तर तो नुसता बसून राहतो. आय.बी.एम.च्या १९८९ सालच्या ३३९० डिस्कला एक फेरा घ्यायला १४.१ मिलिसेकंद लागत. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आता बरीच माहिती कॅश मेमरीतूनच मिळते, तरी रांग काही संपलेली नाही.

आर.एम.एफ. नावाचा प्रोग्रॅम हा वेळ चार भागांत दाखवतो. मी कॉमर्सवाला, मला ते रेशनच्या दुकानावरून समजलं. डिस्क आधीच्या कामात गुंतलेली म्हणून थांबणं, ती दुकानाबाहेरची रांग. नंबर लागला पण वाट मोकळी नाही, ते पेंडिंग. दुकानदार मागच्या खोलीत पोतं शोधायला गेला, ते डिस्कनेक्ट. आणि धान्य पिशवीत पडतं, ते कनेक्ट.

२००९ साली महिनाअखेरचं काम दोन-दोन तास उशिरा संपू लागलं. सकाळी काउंटरवर माणसं ताटकळत. साहेबांनी निकाल देऊन टाकला: डेटा एन्ट्रीच्या बायका काम उशिरा देतात. त्या भगिनी कंत्राटी, त्यांच्या बाजूने बोलणार कोण? दोघींना काढायची भाषा सुरू झाली.

मी पंधरा-पंधरा मिनिटांचे रिपोर्ट घेऊन बसलो. सगळ्या डिस्कची सरासरी पाच मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे उत्तम. पण सरासरीवर माझा भरवसा कमीच. दरडोई पाण्याचा आकडा काढला की नळ नसलेली वस्तीसुद्धा न्हाऊन निघते! म्हणून एकेक डिस्क तपासली. एकीवर ३८ मिलिसेकंद लागत होते. त्यातले २९ नुसते रांगेत, प्रत्यक्ष देवघेव ३. एकाच वेळी चालणाऱ्या दोन मोठ्या कामांच्या फायली त्याच डिस्कवर ठेवलेल्या होत्या. एन्ट्रीचा तिथे काही संबंधच नव्हता.

एक फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवली. पुढच्या महिनाअखेरीला काम वेळेत संपलं.

साहेब त्या भगिनींना चकार शब्द बोलले नाहीत. मीच तो कागद त्यांच्या टेबलावर नेऊन समजावून सांगितला. त्यातल्या एका ताईंनी त्याची झेरॉक्स मागून घेतली.