ओठांवरची मोहर

आमच्या खानदानाची एक खूण आहे. मूल वर्ष-दोन वर्षांचं झालं की त्याच्या ओठांवर, गालाच्या आतल्या बाजूला, बोटांच्या टोकांवर काळपट-निळसर ठिपके उमटतात. शाईचा पेन झटकल्यासारखे. दादीअम्मा म्हणायच्या, "ये तो अपने घर की मोहर है." ज्याला ठिपके नसत, त्यालाच आम्ही भावंडं चिडवायचो.

या मोहरेला डॉक्टर प्यूट्झ-जेगर्स सिंड्रोम म्हणतात, हे अब्बांच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर कळलं. हॉलंडच्या यान प्यूट्झ यांनी १९२१ साली आणि अमेरिकेच्या हॅरोल्ड जेगर्स यांनी १९४९ साली ठिपके आणि आतड्यातल्या गाठी यांचं नातं मांडलं होतं. या गाठींना पॉलिप म्हणतात. गाठ मोठी झाली की आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, सदऱ्याची बाही आत ओढली जावी तसा. फुफी लहानपणी पोटाच्या कळांनीच गेल्या. घरात त्याला नजर म्हटलं गेलं.

"तुमच्यात नात्यात लग्नं होतात ना, त्याचंच हे," असं एका दवाखान्यात आम्हाला ऐकवलं गेलं. दादा-दादी नात्यातले नव्हतेच. शिवाय या आजाराला आई किंवा बाप, एकाकडून आलेला बिघडलेला जनुक पुरतो. एसटीके-११ हा तो जनुक १९९८ साली सापडला. आजारी माणसाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. नात्यातल्या लग्नाचे धोके आम्ही नाकारत नाही, पण ते दुसऱ्या आजारांचे.

खरी भीती कॅन्सरची. ठिपके स्वतः निरुपद्रवी असतात. पण २००६ साली ४१९ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीपर्यंत कुठला ना कुठला कॅन्सर होण्याची शक्यता १७ टक्के आणि सत्तरीपर्यंत ८५ टक्के निघाली. बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरची सत्तरीपर्यंत ४५. आपाच्या छातीत गाठ निघाली तेव्हा ती तपासणाऱ्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलंही नाही. आणि पाहिलं असतं तरी काय दिसणार होतं? ओठांवरचे ठिपके वयात आल्यावर फिके पडतात. धोका मात्र वयाबरोबर वाढत जातो.

म्हणूनच रिश्त्याच्या वेळी गोची होते. आपाच्या मुलीचे ओठ आता साफ आहेत, रक्ताच्या तपासणीत मात्र जनुक निघाला. वडीलधारे म्हणाले, "अल्लाहने ऐब झाकलं, तुम्ही कशाला उघडं करता?" आम्ही भावंडं बसलो, पोरीलाही बसवलं. नवऱ्याला ठाऊक नसेल तर तपासणीला चोरून जाणार कशी? पुढे मूल झालं तर आठव्या वर्षी त्याच्या आतड्यांची पहिली तपासणी करायची असते, ती कोणत्या निमित्ताने? तिशीपासून छातीची वर्षाला एमआरआय, ती कोणाला न सांगता? आजार ऐब नव्हे, असं पोरगीच म्हणाली. समोरच्यांना सांगितलं. ते चहा पिऊन गेले आणि दोन दिवसांनी नकार आला.

तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आता जे येतील त्यांनाही आधी सांगायचं, हे तिनंच ठरवलंय. सध्या लहान आतडं पाहण्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची आहे. ती उपाशीपोटी घ्यावी लागते. तारीख तिनं ईदनंतरची मागून घेतली. म्हणते, रोज्यांची सवय ताजी असेल.