मेंदीबाई

नागपुरात इतवारीच्या किराणा दुकानात ती शिकेकाई-रिठ्याच्या शेजारी पडून असते. अंगावर मळकट हिरवा वेश. पाहणाऱ्याला वाटावं, ही काय कुणाला लाल करणार! माहेर राजस्थानातलं, पाली जिल्ह्यातल्या सोजतचं. तिथल्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाईंना त्याचा तोरा नाही. सुट्या पुडीतून न्या नाहीतर खोक्यातून, निमूट येते.

घरात आली की मात्र थाट सुरू. रात्रीच भिजवा, चहाचं पाणी घाला, लिंबू पिळा. उकळतं पाणी ओतलंत की बिघडलीच. कोमट, आंबट पाण्यात काही तास मुरली की पानातलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य सुटं होतं आणि केसातल्या केराटिनला जे धरतं, ते सोडायचं नाव घेत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे सरकला की तिला डोक्याबरोबर तळपायांवरही बोलावणं येतं, थंडाव्यासाठी. खांद्यावर जुना टॉवेल, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि आतून आवाज: "कूलरसमोर नको बसू वो, सर्दी होईन!"

पण तिचा खरा स्वभाव कळतो तो डोकं आधीच रंगवलेलं असलं की.

मोमिनपुऱ्यात एखाद्या चाचांच्या पांढऱ्या दाढीवर ती कशी खुलते पाहा. कोरी जागा मिळाली की नितळ केशरी-लाल. तीच महाल भागातल्या एखाद्या काकूंकडे जाते. इथे वर्षानुवर्षं दर महिन्याला काळा कलप लागलेला. काकूंना आता काळ्याचा कंटाळा आलाय, लाल हवाय. मेंदीबाई काय करते? मुळाशी उगवलेल्या बोटभर पांढऱ्याला भडक नारिंगी करून मोकळी होते, आणि खालचा काळा होता तसाच. डोकं धुऊन आरशासमोर उभं राहिलं की प्रश्न येतो, "काहून वो, लाल कुठं गेला?" संत्र्याच्या गावात तिनं संत्र्याचाच रंग काढावा, ही थट्टा मला आवडते. काकूंना नाही आवडत.

दोष तिचा नव्हे. ती रंग चढवते, उतरवत नाही. काळ्यावरही ती चढलेली असते, फक्त भर उन्हात केस फिरवले तर तांबूस झाक दिसते, एवढंच. नागपुरात उन्हाची टंचाई नाही, हे काकूंचं नशीब. रासायनिक कलपाने केसाचं वरचं आवरण उघडलेलं असतं, टोकं तर जास्तच सच्छिद्र झालेली. म्हणून त्यातल्या त्यात जुना कलप तपकिरी असेल तर टोकं गडद तांबडी, मधले केस मातकट आणि मुळं नारिंगी, असे तीन मजले एकाच डोक्यावर उभे राहतात.

पार्लरमधली बर्गंडीची ट्यूब काही वेगळं करत नाही. 1909 मध्ये पॅरिसमध्ये ओझेन श्युलर यांनी केशरंगांची कंपनी काढली, तीच आजची लोरिआल. तेव्हापासून रसायनं पुष्कळ पुढे गेली, पण चढवलेला काळा हलवायचा तर आजही आधी तो काढावाच लागतो. मग बर्गंडी झकास दिसते आणि धुण्यागणिक फिकी पडत जाते. मेंदीबाई तशी जात नाही. केस कापेपर्यंत मुक्काम. पाहुणी म्हणून बोलावली आणि राहायलाच आली, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी विचार करायचा होता.

एक गोष्ट तिच्याच लोकांनी तिच्यावर लादली आहे: लोखंडी कढई. चहातलं टॅनिन आणि कढईतलं लोखंड यांचं मिळून काळपट द्रव्य होतं. पांढरे केस तपकिरी करायचे असतील तर ही युक्ती उत्तम. ज्यांना लाल हवा त्यांनी मात्र कढई फोडणीसाठी ठेवावी आणि तिला स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात भिजवावं.

तिच्या नावावर पोट भरणारी एक तोतयी बाजारात फिरते. नाव 'काळी मेंदी'. मेंदी कधीच काळी नसते. त्या पुडीत बहुधा पॅराफेनिलिनडायमिन असतं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने याला त्या वर्षीचा ॲलर्जीकारक पदार्थ ठरवलं होतं. डोक्याला खाज, कपाळावर सूज, आणि बदनामी मात्र खऱ्या मेंदीची. काही पुड्यांत धातूंचे क्षारही मिसळलेले असतात. त्यावर पुढे ब्लीच लावलं तर केस तापून तुटू शकतात.

तेव्हा पुडीमागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा. जुन्या रंगाचे कंगव्यात आलेले थोडे केस जमवा, त्यांना मेंदी लावून धुवा आणि दोन-तीन दिवस थांबा, कारण तिचा रंग तेवढ्या वेळात गडद होत जातो. तो पसंत पडला तरच डोकं तिच्या हवाली करा.