उंटाच्या माहेरी एक रात्र

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या वायव्य कोपऱ्यात मैलोन्‌मैल गवतच आहे. त्या गवतात, क्रॉफर्ड गावापासून सुमारे ३० किलोमीटरवर, करड्या-पांढऱ्या मातीच्या उघड्या टेकड्या एकाएकी सुरू होतात. हेच टोडस्टूल भूशास्त्रीय उद्यान. टोडस्टूल म्हणजे भूछत्र. मऊ मातीच्या खांबावर वालुकाश्माची फरशी टेकलेली असते. पावसाने खांब झिजत जातो, फरशी टिकून राहते आणि दगडाची छत्री तयार होते. खांब फारच बारीक झाला की छत्री कोसळते.

आमचा मुलगा डेन्व्हरला असतो. तिथून पाचेक तासांचा रस्ता आहे आणि शेवटचा टप्पा कच्चा. पाऊस पडला की ही माती साबणासारखी निसरडी होते, गाड्या रुततात. तेव्हा आभाळ बघूनच निघावे.

उद्यान सरकारी वनखात्याकडे आहे. मुक्कामाला जेमतेम सहा जागा, टेबल-बाकडी आणि एक साधे संडास. दुकान नाही आणि पाणी तर अजिबात नाही. आम्ही पाच माणसांसाठी ४० लिटर पाणी सोबत घेतले होते. सुनेने डबे गाडीतून उतरवण्याआधीच सांगून टाकले, "अम्मी, हात धुवायला अर्धा पेला, जास्त नाही." घरी नळ सोडून वजू करणाऱ्या नातीने इथे अर्ध्या लिटरच्या बाटलीत वजू केला, आणि बाटलीत पाणी उरलेही. किब्ल्याचा मात्र तिच्या दादाजींना पटेना. मावळतीकडे तोंड करून नमाज पढण्याची आपली आयुष्यभराची सवय. इथून मक्का ईशान्येला. जमिनीवर सपाट नकाशा धरला तर हे समजत नाही, पृथ्वीचा गोल हातात घेतला तर लगेच समजते.

पायवाट दीडेक किलोमीटरची, वळसा घालून परत येणारी. सावली जवळपास नाही, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघावे. खुळखुळ्या सापांचा हा मुलूख आहे. फटीत हात घालू नये. ही माती तीन कोटी वर्षांहून जुनी आहे. पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख वाऱ्याने इथे आली, नद्यांनी गाळ आणून टाकला. नदीच्या जुन्या वाळूत, जी आता दगड झाली आहे, गेंड्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे उमटलेले दिसतात. पाण्याने रचलेल्या आणि पाण्यानेच कोरलेल्या या जागेत प्यायला थेंब नाही, याचे मला राहून राहून नवल वाटत होते.

याच थरांत उंटाच्या पूर्वजांची हाडे सापडतात. मेंढीएवढा प्राणी, पाठीवर मदार नाही. आपल्याला उंट म्हटले की अरबस्तान आठवते, पण त्याचे कूळ उत्तर अमेरिकेतले. काही लाख वर्षांपूर्वी नव्हे, तब्बल साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी, त्यातले काही आजच्या अलास्काकडून आशियात उतरले. काही नंतर दक्षिणेला गेले. लामा हे त्यांचे वंशज. आणि जे इथेच राहिले ते हिमयुगाच्या शेवटी नाहीसे झाले. म्हणजे माहेर रिकामे, आणि सासरी भरभराट!

नातीला वाटेच्या कडेला काळपट दाताचा तुकडा दिसला. तिने तो खिशात टाकण्याआधी तिच्या अब्बांनी अडवले. इथून जीवाश्म उचलणे बेकायदा आहे, आणि जागेवरून हलवला तर तो कोणत्या थरातला हेच अभ्यासकांना कळत नाही. ती रुसली, पण तुकडा जिथल्या तिथे राहिला.

रात्री शेगडीवर घरून आणलेला खिमा गरम केला. गावाचा एकही दिवा दिसत नव्हता. आकाशगंगा इतकी स्पष्ट मी कोकणात लहानपणी पाहिली होती, त्यानंतर आताच. नात झोपल्यावर मुलगा म्हणाला, "अम्मी, डेन्व्हरला घर घ्यायचं म्हणतोय." बोलणे वर्षभर टळत आले होते. त्याचे अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हप्ता किती बसेल?" गावाकडच्या घराचे काय, हे मी विचारले नाही. दूरवर एक मालगाडी जात होती. तिचा आवाज संपायला खूप वेळ लागला.

पहाटे थंडी होती. फजरनंतर तंबू आवरला, कचरा पिशवीत भरून गाडीत ठेवला, कारण तो इथे टाकता येत नाही. डब्यात सहा लिटर पाणी शिल्लक होते. क्रॉफर्ड येईपर्यंत ते नातीने कुणालाही ओतू दिले नाही.