आठ दिवस, तीन गावं आणि एक एक्सेल शीट

‘मॉण्टेनेग्रो? म्हणजे जेम्स बॉण्ड पोकर खेळतो ते?’

ट्रिपचा विषय काढल्यावर मैत्रिणीची पहिली रिअॅक्शन ही. हो, तेच! गंमत म्हणजे ‘कसिनो रोयाल’मध्ये दिसणारं मॉण्टेनेग्रो बहुतेक सगळं चेक रिपब्लिकमध्ये शूट झालंय. सिनेमा आला २००६ मध्ये आणि त्याच वर्षी सार्वमत घेऊन हा देश सर्बियापासून वेगळा झाला. आकार म्हणाल तर आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास आणि एड्रियाटिकचा किनारा २९३ किलोमीटर.

मी फ्रीलान्सर, त्यामुळे रजेचा प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम बँक बॅलन्सचा. ती आयटीतली. तिच्याकडे पैसे आहेत, पण रजा मोजून आठ दिवस. तिनं एक्सेल शीट केली होती, बारा ठिकाणांची! मी म्हटलं, तीन गावं पुरेत. एअरपोर्टवरच भांडण सुरू.

कोटोर : सकाळी सहाचं आणि दहाचं

कोटोरला पोचलो आणि दोघी गप्प. डोंगर थेट पाण्यात उतरलेले आणि मधे चिमुकलं दगडी गाव. १४२० ते १७९७ इथं व्हेनिसचं राज्य होतं. गावाची तटबंदी साडेचार किलोमीटरची, ती डोंगरावर चढत जाते. वरच्या किल्ल्यापर्यंत साधारण १३५० पायऱ्या. पहाटे चढा, नाहीतर ऊन वाट लावतं. गल्ल्यांमध्ये ११६६ सालचं सेंट ट्रायफनचं कथीड्रल आहे आणि जिकडेतिकडे मांजरी. त्यांचं म्युझियमसुद्धा आहे, बोला!

सकाळी सहाला गाव आपलं असतं. दहाला क्रूझ येते, तटापेक्षा उंच. चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. संध्याकाळी भोंगा वाजतो, जहाज जातं, गाव रिकामं.

आमची खोली तटाच्या आत, एका आजींच्या घरात. त्यांची नात इंग्रजीत सांगत होती, आजी आता तटाबाहेर मुलाकडे राहतात. का? कारण घर आम्हाला दिलंय! आजी हसून म्हणाल्या, ‘हिवाळ्यात या. आमच्या गल्लीत किती खिडक्यांत दिवा दिसतो, ते मोजा.’

१९७९च्या भूकंपात हे गाव खिळखिळं झालं. त्याच वर्षी युनेस्कोनं वारसायादीत घेतलं आणि ‘धोक्यात’ असा शिक्काही मारला. तो निघाला थेट २००३ मध्ये. भूकंपातून गाव सावरलं. आता आमच्यासारख्यांतून सावरायचंय. रात्री त्या खोलीत झोपताना जरा टोचलंच.

दुसऱ्या दिवशी बारा किलोमीटरवरच्या पेरास्टला जाऊन आलो. समोर पाण्यात एक बेट आहे, माणसांनी दगड टाकून टाकून बनवलेलं. अजूनही दर २२ जुलैला गावकरी होड्यांतून दगड नेऊन तिथं टाकतात. बेट टिकायचं तर दरवर्षी भर घालावीच लागते, इतकं साधं.

त्सेतिन्ये : रिकाम्या वकिलाती

एक्सेलमध्ये पुढचं नाव बुडवा होतं, म्हणजे बीच, पब, पार्टी. मी हट्टानं बस बदलून डोंगरात त्सेतिन्येला नेलं. (स्पेलिंगवर जाऊ नका!) ही जुनी राजधानी. १८७८च्या बर्लिन काँग्रेसनं देशाला मान्यता दिली आणि मोठमोठ्या देशांनी या इवल्याशा गावात वकिलाती थाटल्या. राजा निकोलाची एक मुलगी इटलीची राणी झाली. आज राजधानी पॉडगोरिका आहे. वकिलातींच्या इमारती मात्र तशाच उभ्या, झाडांच्या सावलीत.

इथं क्रूझ येऊच शकत नाही. बाकड्यांवर म्हातारे गप्पा मारतात, पोरं सायकली फिरवतात. शेजारच्या न्येगुशी गावचं धुरी दिलेलं हॅम फेमस आहे. व्हेज असाल तर तिथलंच चीज घ्या. मैत्रीण तिसरी कॉफी मागवत म्हणाली, ‘इथं बघायला काहीच नाही… उद्यापण राहू या?’

मी काही बोलले नाही. जिंकल्यावर बोलू नये.

उलत्सिन : अजान आणि फ्लेमिंगो

दक्षिणेला, अल्बेनियाच्या सीमेजवळ उलत्सिन. इथं बहुतेक लोक अल्बेनियन बोलतात. १५७१ पासून तीन शतकं ऑटोमन सत्ता होती. १८८० मध्ये गाव मॉण्टेनेग्रोकडे आलं. कोटोरला चर्चच्या घंटा ऐकल्या होत्या, इथं मिनारावरून अजान. देश तोच, अंतर जेमतेम नव्वद किलोमीटर!

गावाबाहेर बारा किलोमीटरहून लांब वाळूचा किनारा आहे. पण आम्ही रमलो मिठागरात. मीठ काढणं २०१३ मध्ये थांबलं. जागा बिल्डिंगांच्या घशात जाईल म्हणून पक्षीप्रेमी भांडले आणि २०१९ मध्ये ती संरक्षित झाली. तिथं फ्लेमिंगो बघताना दोघींना एकदमच शिवडी आठवली. आपल्याकडची मिठागरं आठवून मग गप्प झालो.

जायचंय?

मे-जून किंवा सप्टेंबर बेस्ट. चलन युरो. गावागावांत बस आहे. भारतातून थेट विमान नाही, तिवात किंवा पॉडगोरिकाला बदलून जावं लागतं. व्हिसाचे नियम बुकिंगआधी नीट तपासा. आणि कोटोरला खोली तटाबाहेर घ्या. आत चालत पाच मिनिटांत पोचता. आम्हाला हे उशिरा कळलं.

परतीच्या विमानात मैत्रिणीनं शीट उघडली. बारापैकी चार ठिकाणं झाली होती. उरलेल्या आठ ओळींसमोर तिनं लिहिलं, ‘हिवाळ्यात.’