राणी कोणाची?

मे महिन्यात ज्या घरी नणंदा-भाचरं जमतात, त्या घरी दुपारभर कॅरमचा खडखडाट चालतो आणि त्याच्या मागोमाग भांडण. सोंगट्या काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ, राणी एक. एवढं सोडलं तर दोन घरांचे नियम सारखे नसतात. माझ्या माहेरी राणी घेण्याआधी आपली एक सोंगटी गेलेली असावी लागे. सासरी पहिल्या फटक्यालासुद्धा राणी चालते. बोर्डाबाहेर उडालेली सोंगटी कुठे ठेवायची, यावर तर जावा-जावांत अबोला झालेला मी पाहिलाय!

गेल्या सुट्टीत माझ्या लेकीची राणी आणि शेवटची सोंगटी एकाच फटक्यात भोकात गेली. ती टाळ्या पिटणार, तोच भाचा म्हणाला, "हे चालत नाही मामी, राणी आधी, कव्हर नंतर." त्याच्या वडिलांनी पेपरातून मान वर न करता निकाल दिला, "परत खेळा." मुलगी काहीच बोलली नाही, उठून गच्चीत गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. कारण सकाळीच भाच्याने अगदी तसाच फटका मारला होता आणि त्याला सगळ्यांनी शाबासकी दिली होती.

मी हे बोलून दाखवलं. वन्संचा चेहरा उतरला. सासूबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "सकाळी चाललं ते दुपारीही चालायचं. बोलवा तिला."

खरं तर स्पर्धेच्या नियमांतही राणी आणि सोंगटी एका फटक्यात गेली तर राणी कव्हर झाली असंच धरतात. मात्र आधी आपली एखादी सोंगटी गेलेली हवी, म्हणजे माहेरचं बरोबर! उडालेली सोंगटी मधल्या वर्तुळात ठेवतात. राणीचे तीन गुण, पण ज्याचे २२ किंवा जास्त झाले त्याला ते मिळत नाहीत. डाव २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा.

त्या संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही हे सगळं लिहिलं आणि बोर्डाच्या मागे डकवलं. अंगठ्याने मारायचं की नाही यावर तासभर घोळ झाला. शेवटी धाकट्यांना परवानगी दिली, मोठ्यांना नाही. हा आमचा घरचा नियम, स्पर्धेशी त्याचा संबंध नाही. अक्षर लेकीचं, खाली सही सासूबाईंची.

जाता जाता एक. बोरिक पावडर चिमटीभरच टाका आणि डबा रांगत्या पोरांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेली तर विषारी असते. बोर्ड पुसायचा तो कोरड्या फडक्यानेच. ओलं लागलं की प्लायवुड फुगतं.

भावोजींना अंगठ्याचा नियम अजून मान्य नाही. दिवाळीत येतील तेव्हा बघू.