आडोशी, दरड, गाडी उभी

२३ जुलै २०२३, रविवार. स्वारगेटवरून रात्री नऊची दादर शिवनेरी धरली तेव्हा पाऊस होता, पण जुलैत पुण्याहून मुंबईला जाताना पाऊस नसेल तरच नवल. मस्कतचं विमान पहाटे ४ वाजून २५ मिनिटांनी. साडेबाराला चेंबूरच्या मैत्री पार्कला उतरायचं, तिथून टॅक्सीने सव्वा वाजेपर्यंत सहार, म्हणजे विमानाआधी तीन तास हातात. हा हिशेब मी कागदावर लिहून घेतला होता. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा आवक-जावक बघण्यात गेली. कागदावर लिहिल्याशिवाय मला कुठलीच वेळ खरी वाटत नाही.

लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. तारीख ऑगस्टची होती, पण शनिवारी संध्याकाळी तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी सोमवारी दुपारी सिझेरियन करायचं ठरवलं. आमची तिकिटं योगायोगाने त्याच पहाटेची. सकाळी पोचलो तर तिला आत नेण्याआधी भेट होणार होती. गाडी सुटताना ह्यांनी नुसता माझा हात दाबला.

पावणेअकराच्या सुमारास घाट उतरताना गाडी थांबली. पुढे लाल दिव्यांची रांग, मागे मिनिटाभरात तेवढीच. चालक खाली उतरून पुढे जाऊन आला आणि म्हणाला, ‘आडोशी बोगद्याजवळ दरड आलीये.’ गाडीत कुणी आवाज चढवला नाही. चारच दिवसांपूर्वी तिथून जवळच इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला होता आणि तिथला शोध त्याच रविवारी थांबवला होता. बाहेर तोच पाऊस पडत होता. आपलं विमान चुकेल असं मोठ्याने म्हणायचीही मला लाज वाटत होती.

गाड्या सुटायला लागल्या तेव्हा रात्र उलटून गेली होती. मैत्री पार्कला उतरलो तेव्हा ३ वाजून २० मिनिटं झाली होती आणि सहारला पोचलो ३ वाजून ४८ मिनिटांनी. काउंटर विमानाआधी तासभर बंद होतो. तिथल्या मुलीने आमच्याकडे आणि बॅगांकडे बघितलं, त्यात लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा वर बांधलेला होता. ती म्हणाली, ‘सॉरी आँटी.’ मी तिच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, ‘आम्ही किती वाजता आलो ते मला लिहून दे, बाळा.’ तिने विमान कंपनीच्या कागदावर वेळ घालून शिक्का मारून दिला. त्या क्षणी मला विमा वगैरे काही आठवत नव्हतं, हात सवयीने पुढे झाला होता.

दुसरी तिकिटं त्याच रात्रीची मिळाली, दोघांची मिळून ४३,२४० रुपयांना. दिवसभरासाठी विमानतळाजवळ खोली घेतली, तिचे ३,६०० झाले. दुपारी अडीचला जावयांचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. आम्ही त्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून नातीचं रडणं फोनवर ऐकलं.

तिकिटासोबत प्रवास विमा काढलेला होता. मस्कतहून महिन्याच्या आत क्लेम भरला. ऑनलाइन अर्जात कारण निवडताना ‘मिस्ड कनेक्शन’ असा एकच पर्याय जवळचा दिसत होता. कस्टमर केअरला फोन केला, तर त्या मुलानेही तोच निवडा म्हणून सांगितलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईमेल आली. इंग्रजीत चार ओळी. आधीचं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं असेल तरच मिस्ड कनेक्शनचे पैसे मिळतात, तसं इथे घडलेलं नाही, सबब दावा नामंजूर. आणि शेवटी, प्रवाशांनी विमानतळावर वेळेत पोचण्यासाठी वाजवी काळजी घेतलेली दिसत नाही.

पैशाचं दुःख होतंच, पण ही शेवटची ओळ मला झोपू देईना. लेक शेजारच्या खोलीत बाळाला पाजत होती आणि माझ्या फोनमध्ये कुणीतरी लिहून ठेवलं होतं की तिच्या आईने काळजी घेतली नाही. ह्यांचं म्हणणं, ‘सोडून दे, ह्या वयात कुठे खेपा घालतेस.’ मी त्यांना सांगितलं, एक वेळ पैसे सोडीन, पण ही ओळ माझ्या नावावर राहू देणार नाही.

त्या रात्री पॉलिसीची सगळी पानं पहिल्यांदा वाचली. हे काम मी विमा काढतानाच करायला हवं होतं. एकोणिसाव्या पानावर वेगळंच कलम सापडलं, ‘मिस्ड डिपार्चर’. ज्या सार्वजनिक वाहनाने विमानतळाकडे निघालात ते प्रतिकूल हवामान, संप, बिघाड किंवा अपघातामुळे अडकलं आणि विमान चुकलं, तर पुढच्या प्रवासाचा जादा खर्च, माणशी पाचशे डॉलरपर्यंत. आमच्यासाठीचं कलम हे होतं आणि दावा तपासला गेला होता भलत्याच कलमाखाली. अर्जात हे नाव का नव्हतं, ह्याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही.

पुण्याला परतल्यावर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, मग मुद्दे. रजिस्टर पोस्टाने पाठवून पोच घेतली आणि तेच ईमेलनेही धाडलं. उत्तर पंधरा दिवसांत आलं आणि त्यात दोन नव्या हरकती निघाल्या. बसचं ऑनलाइन तिकीट म्हणजे आरक्षणाचा पुरावा, ती बस अडकल्याचा नव्हे. आणि दरड कोसळणं हे प्रतिकूल हवामानाच्या व्याख्येत बसत नाही.

पहिल्या हरकतीसाठी स्वारगेटला गेले. गाडी नक्की कुठल्या आगाराची हे कळण्यातच दोन खेपा गेल्या. तिसऱ्या वेळी एका वाहतूक नियंत्रकांनी मला खुर्ची दिली. ‘काकू, असा दाखला आजवर कुणी मागितला नाही,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘दादा, दाखला नका देऊ. नोंद असेल तेवढी दाखवा.’ त्यांनी जुलैच्या लॉगशीटांचा गठ्ठा काढला. सुतळीने बांधलेला, कोपरे पावसाने फुगलेले. तेवीस तारखेचा कागद मधे चिकटलेला होता, तो त्यांनी नखाने हळूच सोडवला. गाडीचा नंबर आमच्या तिकिटावरचाच. सुटण्याची वेळ २१.०५. आणि शेऱ्याच्या रकान्यात निळ्या बॉलपेनने, घाईघाईत लिहिलेलं, ‘आडोशी, दरड, गाडी उभी २२.५० पासून’. त्या रात्री पावसात उतरून पुढे जाऊन आलेल्या त्या चालकाने पुढची गाडी घेण्याआधी एवढं लिहून ठेवलं होतं. त्यांचा चेहराही मला धड आठवत नाही. मी तो रकाना किती तरी वेळ बघत राहिले.

दाखल्यासाठी अर्ज दिला. आठ दिवसांनी आगार व्यवस्थापकांच्या सहीचं पत्र मिळालं, जावक क्रमांकासकट. त्यांना तसं करायचं काही बंधन नव्हतं. त्यांनी ते केलं.

दरडीच्या हरकतीला उत्तर सोपं होतं. कोकणात आणि घाटात राहणाऱ्या कुणालाही विचारा, दरड कशाने येते. उन्हाळ्यात कोरडा असलेला तो कडा पावसाचं पाणी मुरून सुटतो. पण कंपनीला एवढं पुरणार नव्हतं, म्हणून वर्तमानपत्रांची कात्रणं जोडली. त्या आठवड्यातल्या मुसळधार पावसाची आणि द्रुतगती मार्गावर मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला आलेल्या दरडीची बातमी सगळ्यांनीच छापली होती. पॉलिसीत ‘प्रतिकूल हवामान’ ह्या शब्दांची व्याख्याच दिलेली नव्हती, हेही अधोरेखित करून लिहिलं. जी व्याख्या दिलेलीच नाही, तिच्यात आमची दरड बसत नाही असं कसं म्हणता?

नोव्हेंबरात विमा लोकपालांकडे तक्रार दाखल केली. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे, मी स्वतः जाऊन फाइल दिली. तिथे फी लागत नाही आणि वकील चालत नाही, आपलं आपण बोलायचं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर पुढे वर्षभराच्या आत इथे येता येतं. हे मला शेजारच्या एका निवृत्त विमा अधिकाऱ्यांनी सांगितलं. नाहीतर मी ग्राहक आयोगाचाच रस्ता धरला असता.

सुनावणी फेब्रुवारीत झाली, वीसेक मिनिटांची. कंपनीतर्फे आलेला तरुण सभ्य होता. त्याने पुन्हा तेच मांडलं, की पावसाळ्यात पुण्याहून निघणाऱ्या प्रवाशाने आणखी आधी निघायला हवं होतं. मला विचारलं, ‘तुम्हाला काही सांगायचंय?’ आदल्या रात्री बरंच काही पाठ केलं होतं, ते सगळं गेलं. मी माझा वेळेचा कागद पुढे ठेवला, स्वारगेटवर निघण्याआधी लिहिलेला तोच. नऊ, साडेबारा, सव्वा, चार पंचवीस. त्याच्या शेजारी लॉगशीटची प्रत. आणि म्हटलं, ‘साहेब, ह्याच्यापेक्षा जास्त काळजी कशी घेतात ते मला सांगा.’

निकालात दुसऱ्या तिकिटांचे पूर्ण पैसे मिळाले. खोलीचे ३,६०० नामंजूर झाले, कारण त्या कलमात फक्त प्रवासाचा खर्च येतो. ते मला पटलं, कारण तसं लिहिलेलंच होतं. कंपनीने मुदतीत, महिन्याच्या आत रक्कम भरली.

निकालपत्रात सहाव्या परिच्छेदात एक वाक्य आहे. तक्रारदारांनी विमानतळावर वेळेत पोचण्यासाठी पुरेसा अवधी ठेवला होता, असं. ते मी लेकीला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे ती काही बोलली नाही, नातीचाच आवाज येत होता. मग ती म्हणाली, ‘आई, परत वाच.’

दुसऱ्या दिवशी निकालाची झेरॉक्स काढली आणि स्वारगेटला जाऊन त्या वाहतूक नियंत्रकांना दिली. चालकाचं नाव लॉगशीटवर होतंच, म्हटलं, हे त्यांच्यापर्यंत पोचवा. ते म्हणाले, ‘आज रात्रीच्या गाडीला आहेत ते. देतो.’