बोटाला लावलेला चिमटा

कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि महाराष्ट्रात दारोदारी, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून ऑक्सिजन मोजला जाऊ लागला. त्या चिमट्यामागचं तत्त्व १९७०च्या दशकात जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांना सापडलं. नाडीच्या ठोक्याठोक्याला बोटातून आरपार जाणारा उजेड किती शोषला जातो, त्यावरून रक्तातला ऑक्सिजन ताडायचा. सुई टोचायला नको. आओयागी एप्रिल २०२०मध्ये गेले. अवघं जग त्यांच्या यंत्रावर डोळे लावून बसलं होतं तेव्हा.

एखादी मुरलेली सिस्टर हा चिमटा कसा लावते ते बघण्यासारखं असतं. बोटं गार असतील तर आधी चोळून ऊब आणते. नेलपॉलिश असेल तर पुसते. मग आकडा स्थिरावेपर्यंत पेशंटला विचारते, “कुठलं गाव तुमचं, काका?” उत्तर एका दमात येतंय की मध्येच धाप लागतेय, तिकडे तिचे कान असतात. स्क्रीनवर ९६ आणि माणूस तीन शब्दांत दमलेला, तर ती डॉक्टरांना हाक मारते. तिचा संशय रास्तच. डिसेंबर २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला: ऑक्सिमीटरच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या देशात हे वॉर्डावॉर्डांत सांगायला हवं.

नर्सचं आणि आकड्यांचं वैर मुळीच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो. मला त्यांच्या आकृत्या जास्त मोलाच्या वाटतात. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त सैनिक मेले, हे त्यांनी १८५८ साली रंगीत वर्तुळाकृतींतून सरकारपुढे मांडलं. त्यांच्या आकड्यांना काम होतं. आज तीच नोंद रजिस्टरात लिहा, पुन्हा ॲपमध्ये भरा, यात सिस्टरचा जो वेळ जातो तो खाटेपाशी जायला हवा होता.

मोबाइलचंही तसंच. कोविड वॉर्डात पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या सिस्टरांनी व्हिडिओ कॉल लावून फोन पेशंटसमोर धरला, म्हणून कितीतरी घरांना आपलं माणूस शेवटचं दिसलं. त्याच फोनवर रील निघते आणि मागच्या खाटेवरचा उघडा पाय जगभर जातो. रात्रपाळी करणाऱ्या मुलींनी नाचावं, हसावं, खुशाल. पण पेशंटपासून दूर. गुंगीतल्या माणसाची परवानगी कुणी घेतलेली नसते.

केसपेपरचा फोटो नावासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तो मात्र हौसेपोटी नाही. डॉक्टर तिथेच लवकर उत्तर देतात. हे थांबवायचं तर रुग्णालयाने तितकीच झटपट आणि बंदिस्त सोय द्यावी, आणि ती विकत घेण्याआधी रात्रपाळीच्या सिस्टरला विचारावं: एका हातात सलाइनची बाटली असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हे चालतं का?